डोळ्यातली ‘बाहुली’ नेमकी कुणाची?

सांजवेळ

बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. खालची पापणी बोटाने हलकेच ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, ‘वर बघा’ म्हणायचं. पहिले दोन दिवस सगळं लक्ष माझ्या थरथरणाऱ्या हाताकडेच होतं. तिसऱ्या दिवशी हात स्थिरावला आणि मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यात नीट पाहिलं. काळ्याभोर वर्तुळात एक इवलीशी बाई वाकून उभी होती. हातात बाटली, खांद्यामागे खिडकीचा उजळ चौकोन. मी मान कलती केली, तिनेही केली.

“काय बघतेस?” बाबांनी विचारलं.

“तुमच्या डोळ्यात मी दिसतेय.”

“मग बाहुली कशाला म्हणतात असं वाटत होतं तुला?”

मी वैद्यकीय मजकुराचं भाषांतर करते. ‘बुबुळाच्या मध्यभागी असलेले छिद्र म्हणजे बाहुली’ हे वाक्य मी आजवर कितीदा लिहिलं असेल. पण त्या व्याख्येत बाहुली कुठेच नाही, आहे ते फक्त भोक. भोकाला कुणी बाहुली का म्हणेल, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

त्या रात्री कोश काढून बसले. इंग्रजीतला ‘प्यूपिल’ लॅटिन ‘प्यूपिला’वरून आलाय. ‘पूपा’ म्हणजे मुलगी किंवा बाहुली, तिचं लाडकं, लहान रूप प्यूपिला. ग्रीकमध्ये या काळ्या वर्तुळाला ‘कोरे’ म्हणत, त्याचाही अर्थ मुलगी आणि बाहुली. आपल्या संस्कृतात ‘कनीनिका’. अमरकोशात सरळच दिलंय, ‘तारकाक्ष्णः कनीनिका’. कनीन म्हणजे लहान, तरुण. कन्या, कनिष्ठ, अविवाहित मुलीचा मुलगा तो कानीन (कर्णाला हेच म्हणतात), ही सगळी त्याच घरची माणसं. म्हणजे कनीनिका ही छोटीशी मुलगीच.

एवढं वाचल्यावर माझं मत पक्कं झालं. हे नाव छिद्राचं नाहीच. छिद्रात जे दिसतं त्याचं आहे. हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला तो दुसऱ्या माणसाच्या इतका जवळ होता, की त्याला त्या डोळ्यात स्वतःची छबी दिसली.

इथे वेगवेगळ्या भाषा बोलणारी, वेगवेगळ्या विषयांत मुरलेली माणसं आहेत. तुमच्या ओळखीच्या भाषांत या जागेला काय म्हणतात? आणि आपलं ‘बुबुळ’ कुठून आलं? त्याचा माग मला लागला नाही.

रानजाई

सासर तेलुगू, त्यामुळे हे रोज कानावर पडतं. तेलुगूत ‘कनुपाप’. कनु म्हणजे डोळा, पाप म्हणजे तान्हं मूल. आपल्या पापपुण्यातलं पाप नव्हे. आईने लेकराला लाडाने ‘कनुपाप’ म्हणणं अगदी नेहमीचं. कन्नडमध्येही ‘कण्णुपापे’. तमिळमध्ये ‘पावै’ हा सुंदर शब्द आहे: बाहुली, तरुण मुलगी आणि डोळ्यातली बाहुली, तिन्हींना तोच. गुजरातीत ‘कीकी’, आणि छोट्या मुलीलाही कीकी म्हणतात. हिंदीतली ‘पुतली’ तर सगळ्यांना माहीत आहे.

तुमचा धागा वाचून नवऱ्याच्या डोळ्यात डोकावून आले. खरंच दिसते.

खडूफळा

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं गणित. कंटाळा आला तर पुढे जा, पण माझ्या मते या शब्दाचा खरा पुरावा इथेच आहे.

डोळ्याच्या अगदी पुढे पारपटल असतं. काचेसारखं पारदर्शक, बाहेरच्या बाजूने फुगीर. त्याच्या पुढच्या पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या साधारण ७.८ मिमी असते. म्हणजे तो एक छोटा बहिर्वक्र आरसा झाला, नाभीय अंतर त्याच्या निम्मं, ३.९ मिमी. सांजवेळ थेंब घालताना वाकल्या तेव्हा त्यांचा चेहरा बाबांच्या डोळ्यापासून २५ सेमीवर होता असं धरू. तर प्रतिमा होते मूळ वस्तूच्या साधारण पासष्टाव्या हिश्शाएवढी. चेहऱ्याची उंची २० सेमी धरली, तर डोळ्यातला चेहरा जेमतेम ३ मिमीचा.

आता बाहुलीचा व्यास बघा. भरपूर उजेडात २ ते ४ मिमी, अंधारात ४ ते ८ मिमी. चेहरा बरोबर त्या वर्तुळात मावतो!

याहून मोठी गंमत पुढे आहे. बहिर्वक्र आरशातली प्रतिमा आरशाच्या मागे दिसते. इथे ती पारपटलाच्या मागे ४ मिमीच्या किंचित अलीकडे पडते. आणि बुबुळातलं ते छिद्र बाहेरून बघणाऱ्याला पारपटलाच्या मागे सुमारे ३ मिमीवर भासतं. म्हणजे प्रतिमा डोळ्यावर चिकटवल्यासारखी दिसत नाही, त्या काळ्या खिडकीच्या आत, चौकटीला लागून कुणी उभं असावं तशी दिसते. ‘डोळ्यात बाहुली आहे’ असं म्हणणारा माणूस जे दिसलं ते शब्दशः सांगत होता.

आणि ती काळ्यावरच का दिसते? पारपटलावरून परत फिरणारा प्रकाश शंभरातला दोन-अडीच भागच असतो. पांढऱ्या भागाच्या झगमगाटात एवढासा प्रकाश हरवून जातो. त्याला मागे काळोख लागतो. रात्री घरात दिवा असला की खिडकीच्या काचेत आपण दिसतो, दिवसा दिसत नाही. तोच हिशोब.

उंबरठा

पण डोळ्यात तर प्रतिमा उलटी पडते ना? शाळेत तसंच शिकलो. मग बाहुली सरळ कशी?

खडूफळा

@उंबरठा, त्या दोन वेगळ्या प्रतिमा आहेत. उलटी पडते ती आत, दृष्टिपटलावर. ती भिंगातून गेलेल्या प्रकाशाची, आणि ती त्या डोळ्याच्या मालकासाठी. बाहुली ही पारपटलावरून परावर्तित झालेली, समोरच्या माणसासाठी, आणि ती सरळच असते. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२३ मध्ये डोळ्यातल्या अशा परावर्तनांचं वर्णन केलं. एकूण चार: पारपटलाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून दोन, भिंगाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून दोन. त्यातली फक्त चौथी उलटी असते, कारण भिंगाचा मागचा पृष्ठभाग अंतर्वक्र आरशासारखा वागतो. साध्या नजरेला सहज दिसते ती पहिली. तीच आपली बाहुली.

दृष्टिक्षेप

नेत्रचिकित्सक आहे. @सांजवेळ, पुढच्या वेळी थेंब घालताना बघा, बाबांच्या डोळ्यात तुमच्या छबीशिवाय एखादी काचेसारखी चमक कडेने लुकलुकते का. ऑपरेशनमध्ये बसवलेल्या कृत्रिम भिंगावरून होणारं परावर्तन नैसर्गिक भिंगापेक्षा ठळक असतं. त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा पुष्कळदा नुसत्या चमकेवरून ओळखू येतो.

आणि एक सांगतो. बाहुलीतली ही प्रतिमा आम्ही आजही रोज वाचतो. अंतोनियो प्लासिदो या पोर्तुगीज डॉक्टरने १८८० च्या सुमारास एक चकती वापरात आणली. काळी-पांढरी एकात एक वर्तुळं, मधोमध बघायला भोक. ती रुग्णाच्या डोळ्यासमोर धरायची आणि पारपटलावर पडलेली वर्तुळं बघायची. वर्तुळं गोल, तर पारपटल नीट. अंड्यासारखी लांबट झाली तर वक्रता असमान. चष्म्याचा नंबर लेसरने घालवण्याआधी पारपटलाचा नकाशा काढतात, त्यातली बरीच यंत्रं याच तत्त्वावर चालतात. बाहुलीच्या जागी वर्तुळं बसवली, इतकंच.

त्रिफळा

दृष्टिक्षेप यांनी म्हटलं तेच वाचन चरकसंहितेत आहे, आणि धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. आयुर्वेदाचा अभ्यास करताना हा श्लोक पाठ केला होता. त्यातली मुलगी मात्र मला आज दिसली.

इंद्रियस्थानाच्या सातव्या अध्यायाचं नाव ‘पन्नरूपीय’. इंद्रियस्थानात मरण जवळ आल्याची लक्षणं सांगितली आहेत. हा अध्याय असा सुरू होतो:

दृष्ट्यां यस्य विजानीयात् पन्नरूपां कुमारिकाम् ।
प्रतिच्छायामयीमक्ष्णोर्नैनमिच्छेच्चिकित्सितुम् ॥

ज्याच्या डोळ्यातली, प्रतिबिंबाने बनलेली कुमारिका विरून गेल्यासारखी दिसेल, त्याच्यावर उपचार करण्याची इच्छा वैद्याने धरू नये. ‘प्रतिच्छायामयी कुमारिका’. अगदी नेमके शब्द! दृष्टी म्हणजे ती काळी जागा, आणि तिच्यातली मुलगी प्रतिबिंबाची. छिद्र आणि छबी या दोन गोष्टी चरकाने वेगळ्या ठेवल्या आहेत. सांजवेळ यांना जे बाबांमुळे कळलं, ते इथे एका विशेषणात आहे.

त्यामागचं कारणही लागतं. पारपटल आरशासारखं चमकतं ते त्यावरच्या अश्रूंच्या पातळ थरामुळे, आणि तो थर पापण्यांच्या उघडझापीने नवा होत राहतो. माणूस अत्यवस्थ झाला, पापण्या अर्धवट उघड्या राहिल्या, की पृष्ठभाग सुकतो, निस्तेज होतो. प्रतिबिंब आधी फाटतं आणि मग जातं. वैद्य रुग्णावर वाकायचा, त्याच्या डोळ्यात स्वतःला शोधायचा, आणि सापडला नाही तर त्याला समजायचं.

सांजवेळ

त्रिफळा, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आजीच्या शेवटच्या दिवसांत तिचे डोळे ‘विझल्यासारखे’ दिसतात असं आई म्हणत होती. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

पिंपळपान

उपनिषदांमध्ये डोळ्यातला माणूस पुन्हा पुन्हा येतो. छांदोग्याच्या आठव्या अध्यायात इंद्र आणि विरोचन आत्मा शोधत प्रजापतीकडे येतात. बत्तीस वर्षं ब्रह्मचर्याने राहतात, तेव्हा प्रजापती सांगतो, ‘य एषोऽक्षिणि पुरुषो दृश्यते एष आत्मा’, डोळ्यात हा जो पुरुष दिसतो तो आत्मा. यावर दोघांचा पहिला प्रश्न काय? मग पाण्यात दिसतो आणि आरशात दिसतो, त्यातला हा कोणता? त्यांच्या मनात लगेच प्रतिबिंब आलं. डोळ्यात दिसणारा पुरुष म्हटल्यावर ऐकणाऱ्याने ही छबी समजावी, इतकी ती ओळखीची होती. विरोचन त्या प्रतिबिंबावरच समाधान मानून परत जातो. इंद्र वाटेतून मागे फिरतो.

बृहदारण्यकात (२.२.२) तर डोळ्याची सगळी रचनाच आहे. लाल रेषांनी रुद्र, डोळ्यातल्या पाण्याने पर्जन्य, ‘या कनीनका तयादित्यः’, काळ्याने अग्नी, पांढऱ्याने इंद्र, खालच्या पापणीने पृथ्वी, वरच्या पापणीने द्यौ. कनीनका आणि ‘कृष्ण’ इथे निरनिराळे मोजले आहेत, म्हणजे बाहुली वेगळी आणि तिच्याभोवतीचं काळं बुबुळ वेगळं. आणि त्या काळ्या छिद्राला दिला आहे तो सूर्य. उजेड आत जायची वाट तीच, हे पाहता मला तरी ते फार नेमकं वाटतं.

तैत्तिरीय संहितेतही ही कनीनिका भेटते. इंद्राने वृत्राला मारलं, त्याची कनीनिका गळून पडली आणि तिचं अंजन झालं.

गलबत

माझं मत वेगळं आहे. एवढ्या भाषांत एकच कल्पना सापडते, तर ती एका ठिकाणाहून पसरली असणार. ग्रीक वैद्यक सगळीकडे गेलं. ‘कोरे’वरूनच ‘कॉर्निया’ (म्हणजे पारपटल) झाला, तिथून बाकी भाषांनी उचललं असेल.

तळटीप

@गलबत, कॉर्नियाचा कोरेशी संबंध नाही. तो लॅटिन ‘कॉर्नू’वरून आलाय, म्हणजे शिंग. शिंगाचा पातळ तासलेला पापुद्रा अर्धपारदर्शक असतो, तसा हा पडदा. आणि कोरे आजही वैद्यकात आहे, फक्त दुसरीकडे. दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या असतील तर ‘अ‍ॅनिसोकोरिया’ म्हणतात. ‘अन्’ नकाराचा, ‘इसो’ समान, ‘कोर’ मुलगी. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कागदावर हा शब्द लिहिणारा डॉक्टर खरं तर ‘दोन मुली सारख्या नाहीत’ असं लिहीत असतो.

पसरण्याबद्दल. लॅटिनने ग्रीककडे पाहून शब्द घडवला असणं शक्य आहे, शेजारी होते. पण सगळ्यांचं तसं म्हणता येत नाही. प्राचीन इजिप्तच्या भाषेत बाहुलीला ‘डोळ्यातली मुलगी’ म्हणत, आणि ते लेखन ग्रीक वैद्यकाच्या कितीतरी आधीचं. हिब्रूत ‘ईशोन’, छोटा पुरुष. अरबीत ‘इन्सानुल ऐन’, डोळ्यातला माणूस. फारसीत ‘मर्दुमक’, माणूसच पण छोटा. स्पॅनिशमध्ये ‘निन्या’, मुलगी. चिनी लिपीत बाहुलीच्या चिन्हात डावीकडे ‘डोळा’ आणि उजवीकडे ‘मूल’ आहे. मूल तिथे उच्चारासाठीही आहे, पण त्याच भाषेत ‘बाहुलीतला माणूस’ असाही शब्द आहे.

उसना शब्द असता तर माणूस तोच राहिला असता. इथे प्रत्येक भाषेत तो बदलतो: कुठे मुलगी, कुठे पुरुष, कुठे तान्हं, कुठे नुसता माणूस. ज्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. आणि ते बघायला गुरू लागत नाही, समोर फक्त दुसरं माणूस लागतं.

गलबत

कॉर्नियाबद्दल माझी चूक झाली, दुरुस्तीबद्दल आभार. आणि ‘माणूस बदलतो’ हा मुद्दा पटला.

रानजाई

लॅटिन पूपा, तेलुगू पाप, कन्नड पापे. हे तरी एकाच कुळातले का?

तळटीप

नाही. प, ब, म हे ओठांवरचे वर्ण तान्ह्या मुलाला सगळ्यात आधी जमतात. त्यामुळे बाबा, पापा, पप्पू, बेबी असे शब्द जगभर आपापले उगवतात. बाळाला बाळाच्याच बोलीतलं नाव मिळालं, एवढंच.

लॅटिनच्या त्या पूपाचं कुटुंब मात्र मोठं आहे. विद्यार्थी या अर्थाचा ‘प्यूपिल’ तिथलाच. लॅटिनमध्ये ‘प्यूपिलस’ म्हणजे पालकत्वाखालचं पोरकं मूल, त्यावरून शिकणारं मूल. कळसूत्री बाहुलीचा ‘पपेट’ही त्याच घरातला. आणि अळी कोशात जाते त्या अवस्थेला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने ‘प्यूपा’ म्हटलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळासारखी दिसते म्हणून.

प्लेटोच्या नावावर असलेल्या ‘अल्सिबायडीस’ या संवादात सॉक्रेटिस हीच गोष्ट सांगतो: दुसऱ्याच्या डोळ्यात बघणाऱ्याचा चेहरा आरशातल्यासारखा तिथे दिसतो, आणि त्या जागेला कोरे म्हणतात ते बघणाऱ्याची ती प्रतिमा असते म्हणूनच. तेवढ्यावर तो थांबत नाही. डोळ्याला स्वतःला बघायचं असेल तर त्याने दुसऱ्या डोळ्यात बघावं, तसंच मनाने दुसऱ्या मनात, असं पुढे नेतो.

पिंपळपान

आता बुबुळ. मला वाटतं त्याचा धागा पाळी भाषेत सापडतो.

त्रिपिटकातल्या थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या गाथांच्या संग्रहात, सुभा नावाच्या भिक्षुणीची कथा आहे. आंब्याच्या बनात एक तरुण तिची वाट अडवतो आणि तिच्या डोळ्यांची स्तुती करत राहतो. ती सांगते, डोळा म्हणजे काय, खोबणीत बसवलेला एक गोळा. ‘मज्झे पुब्बुळका सअस्सुका’, मधोमध आसवांसकट एक बुडबुडा. मग ती स्वतःचा डोळा उपटून त्याच्या हातावर ठेवते.

हे ‘पुब्बुळक’ किंवा ‘बुब्बुळक’ म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा, संस्कृत ‘बुद्बुद’चं पाळी रूप. तिथून मराठी ‘बुबुळ’ एका पावलावर आहे, आणि डोळ्याच्या मधल्या फुगीर भागासाठीच तो शब्द वापरलेला आहे. यापेक्षा जवळचा पूर्वज मला दिसत नाही.

म्हणजे मराठीत दोन शब्द शेजारी नांदतायत. बाहुली म्हणणारा प्रेमाने जवळ आला होता. बुबुळ म्हणणाऱ्याने पाण्याचा फुगा पाहिला. सुभाने नेमका दुसरा शब्द निवडला, कारण तिला त्या तरुणाच्या डोक्यातून पहिला काढून टाकायचा होता.

उंबरठा

अरबीत बाहुलीला ‘बुअ्बुअ्’ असाही शब्द आहे. बुबुळ तिकडून आलं नसेल?

पिंपळपान

नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर जाऊ नका. पाळीतला शब्द डोळ्याच्याच संदर्भात हजर आहे, आणि पाळी त्रिपिटक श्रीलंकेत लिहून काढलं गेलं ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. घरातच वाट सापडते तेव्हा समुद्रापार जायची गरज नाही.

दृष्टिक्षेप

बुबुळ निघालंच आहे तर मनातली एक गोष्ट बोलून घेतो. पाठ्यपुस्तकात बुबुळ म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा. बातम्यांमध्ये मात्र ‘बुबुळ प्रत्यारोपण’ लिहितात, आणि बसवलेलं असतं पारपटल. बोलताना लोक आख्ख्या काळ्या भागाला, कधी सबंध डोळ्यालाही बुबुळ म्हणतात. ‘डोळे पांढरे झाले’ म्हणतो तेव्हा वर जातं ते हेच, काळं सगळं एकत्र.

बोलीत हे चालतं, तिथे माझी तक्रार नाही. पण नेत्रदानाच्या बाबतीत यामुळे खरं नुकसान होतं. एका कुटुंबाने शेवटच्या क्षणी नकार दिला, कारण बुबुळ काढलं की डोळ्याच्या जागी पांढरी खाच दिसेल असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या एका रुग्णाने विचारलं, दात्याचे डोळे घारे असतील तर माझेही होतील का? पारपटल काचेसारखं असतं, त्याला रंगच नसतो. डोळ्याचा रंग मागच्या पडद्याचा, आणि तो ज्याचा त्याच्याकडेच राहतो. एडुआर्ड त्सिर्म यांनी १९०५ मध्ये पारपटलाचं पहिलं यशस्वी रोपण केलं, तेव्हापासून हेच. शब्द ‘पारपटल’ लिहिला असता तर हे दोन्ही प्रश्न पडलेच नसते.

त्रिफळा

दृष्टिक्षेप यांच्या मुद्द्यात भर. शब्द सरकतात हे जुनंच आहे. सुश्रुताने बाहुलीला ‘दृष्टी’ म्हटलं, आणि ‘कनीनक’ हा शब्द नाकाकडच्या कोपऱ्यासाठी वापरला. डोळ्याच्या सहा संधींमध्ये कनीनक आणि अपांग अशी दोन टोकं येतात. त्यामुळे आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला कनीनक म्हणजे कोपरा, आणि उपनिषद वाचणाऱ्याला तीच बाहुली. कनीन म्हणजे लहान, तर दोन कोपऱ्यांतला धाकटा कोपरा, अशी मी माझ्यापुरती संगती लावते.

सुश्रुताने दृष्टीचं माप दिलंय ‘मसूरदलमात्रा’, मसुराच्या डाळीएवढी. आणि चमक काजव्याच्या ठिणगीसारखी.

तळटीप

मसूर! इंग्रजीतला ‘लेन्स’ हा शब्द लॅटिनमध्ये मसुराचं नाव आहे. दोन्ही बाजूंनी फुगीर दाणा, तसं भिंग. अरबीत भिंगाला ‘अदसा’ म्हणतात, तोही मसूरच. सुश्रुताने मसूर घेतला मापासाठी, लॅटिनने आणि अरबीने आकारासाठी. कारणं वेगळी, पण दाणा एकच.

डोळ्याच्या बाकी भागांची नावंही अशी हाताशी असलेल्या वस्तूंवरूनच आहेत. रेटिना जाळ्यावरून, आयरिस इंद्रधनुष्यावरून, यूव्हिया द्राक्षावरून. आणि बाहुली मोठी करणारं अ‍ॅट्रोपिन ज्या झाडातून मिळतं, त्या बेलाडोनाचा इटालियन अर्थ ‘सुंदर बाई’. टपोऱ्या बाहुल्या सुंदर दिसतात म्हणून तिथल्या बायका त्याचा रस डोळ्यात घालत. बाकी सगळी नावं वस्तूंची. माणसाचं नाव मिळालं ते फक्त त्या जागेला, जिथे काहीच नाही.

खडूफळा

‘जिथे काहीच नाही’ हे अगदी खरं. बाहुली काळी दिसते ती कशामुळे? आत गेलेला उजेड बराचसा शोषला जातो, आणि जो परत येतो तो आला त्याच वाटेने बाहेर पडतो. तो बघायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा, आणि तसं करायला गेलो की आपलंच डोकं उजेड अडवतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये काचेच्या पट्ट्या आरशासारख्या वापरून ही अडचण सोडवली, तेव्हा कुठे जिवंत डोळ्याचा आतला भाग माणसाला नीट दिसला. त्याआधी हजारो वर्षं तिथे डोकावणाऱ्याला एकच गोष्ट दिसत होती. स्वतः.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार गोष्टी विचारायला आले होते, चाळीस घेऊन चाललेय.

बाबांचे थेंब आता दिवसातून एकदाच आहेत. दृष्टिक्षेप यांनी सांगितलेली चमक दिसली, माझ्या छबीच्या उजव्या अंगाला, नखाच्या टोकाएवढी. बाबांना धागा वाचून दाखवला. चरकाच्या श्लोकापाशी त्यांनी मला थांबवलं, पुन्हा वाचायला सांगितलं, आणि मग म्हणाले, “माझ्यातली अजून नीट आहे ना? बघ.” मी बघितली. नीट आहे. खिडकीसकट.

हातात नेत्ररुग्णांसाठीची एक माहितीपुस्तिका आहे. त्यात ‘बुबुळ प्रत्यारोपण’ होतं तिथे सगळीकडे ‘पारपटल’ केलंय. आणि व्याख्या आता अशी लिहिलीय: ‘बुबुळाच्या मधोमध जे काळे छिद्र असते, त्यातून उजेड डोळ्यात शिरतो. जवळून पाहणाऱ्याला तिथे स्वतःची छोटी प्रतिमा दिसते, म्हणून त्याला बाहुली म्हणतात.’ संपादकांनी विचारलं, दुसरं वाक्य गरजेचं आहे का. मी त्यांना म्हटलं, जवळ बसलेल्या कुणाच्या तरी डोळ्यात बघा आणि मग ठरवा. थोड्या वेळाने निरोप आला, वाक्य राहू दे.